फलकावर शत्रूचं नाव

दर १९ डिसेंबरला गोव्यात तिरंगा फडकतो, पोलिसांचं संचलन होतं, आझाद मैदानावरच्या स्मारकाला फुलं वाहिली जातात आणि भाषणांत 'अवघ्या छत्तीस तासांत गोवा मुक्त झाला' हे वाक्य हमखास येतं. त्या छत्तीस तासांत कुठे काय घडलं, कोण पडलं, कोणाशी लढताना पडलं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. आपल्या जवानांची नावं घाईघाईत उरकतात आणि समोरचा शत्रू 'पोर्तुगीज' एवढ्यावर संपतो.

माझं म्हणणं साधं आहे. मुक्तिदिनाच्या आठवणीत त्या शत्रुसैनिकांनाही जागा द्यावी, आणि तीही नावानिशी. हे म्हटलं की गोव्यात दोन तऱ्हेची माणसं पुढे येतात. एकाला वाटतं, हा पाखल्यांचा, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीजांचा, भक्त निघाला. दुसरा खुशीत पाठीवर थाप मारतो, कारण त्याला साडेचारशे वर्षांची परकी राजवट थोडी साखर पेरून सांगायची असते. मला यातल्या कोणाच्याच पंगतीला बसायचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८ डिसेंबर १९६१ च्या दुपारी मुरगाव बंदरात 'आफोंसो द आल्बुकेर्क' हे एकच मोठं पोर्तुगीज लढाऊ जहाज उभं होतं. १९३४ सालचं, जुन्या धाटणीचं. समोरून आल्या आपल्या 'बेटवा' आणि 'बियास' या नव्या फ्रिगेटी, झपाट्याने मारा करणाऱ्या तोफांच्या. निकाल काय लागणार हे जहाजावरच्या पोऱ्यालाही कळत असावं. तरी कप्तान आंतोनियो द कुन्या आरागांव याने नांगर उचलून तोफा चालवल्या. त्याच्या जहाजावर गोळे बसले, वायरलेसवाला खलाशी ठार झाला, आरागांव स्वतः गंभीर जखमी झाला. शेवटी जहाज बांबोळीच्या बाजूला किनाऱ्यावर चढवलं गेलं आणि झुंज थांबली. आरागांव पणजीच्या इस्पितळात पडला होता तेव्हा आपल्या नौदलाचे अधिकारी त्याला भेटायला गेले, त्याची विचारपूस केली. ज्यांनी दुपारी त्याच्यावर तोफ डागली तेच हे लोक. त्यांना त्यात देशद्रोह दिसला नाही. आपल्याला मात्र साठ वर्षांनंतर सभागृहात बसून तो दिसतो, ही मौजच आहे.

लढणाऱ्याला समोरच्या लढणाऱ्याची किंमत कळते. हा काही मनाचा हळवेपणा नव्हे, धंद्याचं ज्ञान आहे. गोळीबाराखाली उभं राहायला काय लागतं, हे ज्याने सोसलं तो दुसऱ्यात ते लगेच ओळखतो. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान लढता लढता पडला. ('कर्नल' हे त्याच्या नावातच होतं, हुद्दा कॅप्टनचाच.) त्याचा मृतदेह परत पाठवताना आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली. हा माणूस फार शौर्याने लढला, त्याचं चीज व्हावं, अशा अर्थाची. पाकिस्तानने पुढे त्याला आपला सर्वोच्च शौर्यसन्मान, निशान-ए-हैदर, दिला. त्या चिठ्ठीमुळे टायगर हिल आपल्या हातून गेली नाही आणि तिथे पडलेल्या आपल्या जवानांचं मोलही रतीभर कमी झालं नाही. उलट, कोणाला हरवून ती टेकडी घेतली हे जगाला कळलं.

आपल्या परंपरेत हे नवीन नाही. रावण पडल्यावर 'मरणान्तानि वैराणि' म्हणून त्याचे अंत्यसंस्कार करायला रामच बिभीषणाला सांगतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. ज्याने महाराजांचा जीव घ्यायचा घाट घातला त्याची. आज त्या कबरीभोवती जे राजकारण चालतं त्यात मला शिरायचं नाही. तिथे कबर असणं त्या काळच्या मराठ्यांना खटकलं नव्हतं, एवढं इथे पुरे.

आता दीवकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

त्याच १८ डिसेंबरला दीवच्या समुद्रात 'व्हेगा' नावाची एक छोटी गस्ती नौका होती. तिच्यावर एक २० मिलिमीटरची तोफ. नौकेचा प्रमुख ओलिव्हेरा ई कार्मो, वय २५. समोर भारतीय क्रूझर, डोक्यावर भारतीय विमानं. तो नौका घेऊन पुढे गेला आणि विमानांच्या माऱ्यात मारला गेला. मरायला निघताना त्याने पांढराशुभ्र समारंभी गणवेश चढवला होता असं पोर्तुगालमध्ये सांगतात. जवळपास दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९७१ ला, त्याच दीवच्या समुद्रात 'आयएनएस खुकरी' ही आपली युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतिराने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला खलाशांना वाचवत राहिले आणि स्वतः जहाजासोबत गेले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी त्या रात्री गेले. दीवला खुकरीचं स्मारक आहे. तिथे जाणाऱ्या पर्यटकाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते यावंच. पण तिथून जो समुद्र दिसतो त्याच समुद्रात तो पंचविशीतला पोर्तुगीजही गेला. मुल्लांच्या निष्ठेपुढे आपण मान झुकवतो. मग त्याच्या निष्ठेला निदान नाकारू नये.

फरक आहे, तोही मोठा. मुल्ला स्वतंत्र देशाच्या रक्षणासाठी समुद्रात होते आणि आपली माणसं वाचवताना गेले. कार्मो दुसऱ्याचा प्रदेश दाबून ठेवणाऱ्या सरकारसाठी मेला. त्याचं शौर्य खरं होतं आणि त्याच्या सरकारचा हेतू वाईट होता. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. आपल्या सार्वजनिक बोलण्यात नेमकं हेच कोणाला पेलत नाही. शत्रू एक तर भ्याड ठरवायचा, नाही तर त्याच्या शौर्यावरून त्याची राजवटही चांगली होती असं सुचवायचं. तिसरी जागा कोणी शिल्लकच ठेवत नाही.

आणि शौर्य म्हणजे फक्त मरणं काय? गोव्याने हा प्रश्न इतर कोणाहीपेक्षा आधी विचारायला हवा होता, कारण त्याचं उत्तर पणजीतच घडलं. १४ डिसेंबरला लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा याला आला. शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील, अशा आशयाचा. किमान आठ दिवस लढत राहावं अशी अपेक्षा होती. त्याच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास फौज, त्यातले शेकडो स्थानिक गोमंतकीय. विमानदळ नाही, रणगाड्यांशी लढायला धड साहित्य नाही. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगतसिंगांची पॅराशूट ब्रिगेड आणि पूर्वेकडून मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आत घुसलेली. आठ दिवस लढायचं म्हणजे काय झालं असतं याचा जरा विचार करा. पूल तर उडवलेच होते. पणजी, मडगाव, वास्कोच्या गल्ल्यांत लढाई झाली असती. जुनं गोवं तोफांच्या टप्प्यात आलं असतं. मेली असती ती आपलीच माणसं, हिंदूही आणि ख्रिस्तीही.

व्हासालो ई सिल्व्हाने तो हुकूम पाळला नाही. १९ डिसेंबरच्या रात्री त्याने शरणागतीवर सही केली. दोन्ही बाजू मिळून पन्नासेक माणसं गेली, भारताची २२ आणि पोर्तुगालची ३० च्या आसपास. एकेक जीव मोलाचा, तरीही दोन देशांच्या सैन्यांमधला हा आकडा जगाच्या इतिहासात फार लहान आहे. तो लहान राहिला याचं श्रेय आपल्या सैन्याच्या वेगाला आणि संयमाला आहे. आणि आपल्या हुकूमशहाचं न ऐकणाऱ्या त्या गव्हर्नरलाही आहे. त्याची किंमत त्याने मोजली. पोर्तुगालमध्ये त्याला सैन्यातून बडतर्फ केलं गेलं. त्याचे सैनिक इथल्या छावण्यांत महिनोन्‌महिने अडकून पडले, कारण सालाझारला त्यांच्या सुटकेची घाई नव्हती. १९६२ च्या मे महिन्यात ते परतले तेव्हा मायदेशी त्यांच्या स्वागताला बंदूकधारी लष्करी पोलीस उभे होते. जिवंत परत आले, हाच त्यांचा गुन्हा.

सालाझारला मेलेला कार्मो हवा होता, जिवंत व्हासालो नको होता. हुकूमशहांना हुतात्मे फार आवडतात, दुसऱ्यांच्या घरातले. पण गोव्याने कोणाचे आभार मानायचे हे गोव्याने ठरवावं. मला विचाराल तर कार्मोपुढे मी मान झुकवीन आणि व्हासालोचे ऋण मानीन.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग तर आपल्याकडे कोणी सांगतच नाही. गोव्याहून परतलेल्यांची ती मानहानी पोर्तुगीज सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी पाहिली. पुढची बारा वर्षं त्यांना अंगोला, गिनी, मोझांबिकमध्ये हरणारी युद्धं लढायला लावली गेली आणि 'उद्या आपलंही गोवा होईल' ही धास्ती त्यांच्या मनात राहिली. २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट उलथवली ती याच सैन्यातल्या तरुण कप्तानांनी. नव्या सरकारने व्हासालो ई सिल्व्हाला त्याचा हुद्दा परत दिला आणि १९७४ संपता संपता गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. १९८० मध्ये तो म्हातारा पुन्हा गोव्यात आला, या वेळी पाहुणा म्हणून. म्हणजे गोव्याचा स्वातंत्र्यसैनिक आणि पोर्तुगालचा साधा शिपाई यांच्या मानेवर एकाच राजवटीचा पाय होता. तो आपल्याकडून आधी उठला, त्यांच्याकडून बारा वर्षांनी.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीचं काय? १५ ऑगस्ट १९५५ ला हातात फक्त झेंडा घेऊन आलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, पंजाबचा कर्नैलसिंग बेनीपाल तिथे पडला, त्या दिवशी वीसहून अधिक माणसं मेली. त्याच वर्षी अस्नोड्याचा बाळा राया मापारी कोठडीतल्या छळात गेला. स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांच्या जखमांवर तुम्ही पोर्तुगीज सैनिकाची फुलं ठेवणार?

नाही. म्हणूनच नावानिशी म्हणतो, घाऊक नाही. निःशस्त्रांवर गोळी झाडणारा आणि कैद्याला बडवणारा सैनिक नसतो, त्याच्या अंगावर कोणताही गणवेश असो. त्या काळच्या छळाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो काझिमिरो मोंतेरो हा पोलीस एजंट तर गोव्यातच जन्मलेला. पुढे १९६५ मध्ये त्यानेच सालाझारच्या गुप्त पोलिसांसाठी पोर्तुगालच्या जनरल उम्बेर्तो देल्गादोचा खून केला, कारण देल्गादोने सालाझारच्या विरोधात उभं राहण्याची हिंमत केली होती. असल्या माणसाला कोणत्याच देशाच्या फलकावर जागा नको. रक्ताने तो आपल्यातलाच, आरागांव परका. पण मान कोणाला द्यायचा हे रक्तावरून ठरवलं तर मोंतेरो आत येईल आणि आरागांव बाहेर राहील.

अंजदीवची गोष्टही दडवता येत नाही. 'त्रिशूल' या युद्धनौकेवरून आपल्या नौसैनिकांची तुकडी त्या बेटावर उतरली तेव्हा आधी पांढरं निशाण दिसलं आणि मग गोळीबार झाला, असं आपल्या नौदलाचा वृत्तांत सांगतो. सात नौसैनिक तिथे गेले. 'आयएनएस गोमंतक' या नौदल तळावरचं स्मारक त्यांचं. पांढऱ्या निशाणाचा विश्वास मोडणं हा सैनिकी रिवाजातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे आणि ते फलकावर लिहायला काही हरकत नाही. शत्रूला मान द्यायचा तर त्याच्या पापांचा हिशेबही त्याच फलकावर असावा, नाही तर त्या मानाला वजन राहत नाही. आणि खरं सांगायचं तर अंजदीवच्या त्या सातांची नावं तरी गोव्यातल्या किती शाळकरी मुलांना येतात? आग्वादच्या किल्ल्यातल्या राजकीय कैद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू १८ च्या रात्री तिथेच पडले, हे किती जणांना माहीत आहे? शत्रूचा चेहरा पुसला की त्याच्याशी लढलेल्याचाही पुसला जातो. सिद्धूंची गोष्ट सांगायची तर किल्ल्यातून गोळी कोणी झाडली हे सांगावंच लागतं.

ज्या मराठी वाचकाला हे अजूनही पटत नाही त्याला मी इटलीत घेऊन जातो. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे, पाचव्या मराठा रेजिमेंटचा नाईक, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकटा धावून गेला. त्याच्या तुकडीतले बाकी सगळे मेले होते किंवा जखमी होते. त्याने हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं, आणि मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तोही गेला. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या त्या लढाईत पन्नास हजारांच्या वर भारतीय सैनिक होते आणि ५,७८२ जण तिथेच राहिले. २०२३ मध्ये मोंतोने या छोट्या इटालियन गावाने घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर आहे.

आता बघा. घाडगे कोणाच्या सैन्यात होता? ज्या साम्राज्याने त्याच्याच देशाला गुलाम केलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी गांधी-नेहरूंना तुरुंगात टाकलं होतं, त्याच्या. तरी आपण त्याला इंग्रजांचा पित्त्या म्हणत नाही, म्हणूही नये. घरची गरिबी, पलटणीची रीत, शेजारच्या जवानाची लाज, या सगळ्यातून तो तिथे पोचला आणि वेळ आली तेव्हा मागे हटला नाही. मोंतोनेच्या लोकांनी त्याला ब्रिटिश साम्राज्याचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, माणगावचा पोर म्हणून ओळखलं. मग सक्तीच्या भरतीत सापडून पोर्तुगालच्या खेड्यातून गोव्यात आलेला वीस-एकवीस वर्षांचा पोर आपल्याला फक्त सालाझारच का दिसावा? इटलीकडून जे घेताना आपली छाती फुगते ते दुसऱ्याला देताना हात आखडतो, हा व्यवहार बरा नव्हे.

त्याच १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैनिक आणखी एका देशात लढत होते. कांगोमधल्या कटांगा प्रांतात, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली, आयरिश, स्वीडिश आणि इथिओपियन तुकड्यांबरोबर. ५ डिसेंबरला एलिझाबेथव्हिलमध्ये रस्त्यावरचा अडथळा मोडताना कॅप्टन गुरबचनसिंग सालारियांसोबत सोळाच गोरखे होते आणि स्वीडिश सैन्याची चिलखती वाहनं. म्हणजे नेतृत्व पंजाबी, खुकरी नेपाळी, गाडी स्वीडनची, आणि वाचवायचा होता कांगो. सुमारे नव्वद जणांच्या फळीवर त्यांनी चाल केली. सालारिया गेले, परमवीरचक्र मिळालं. यानंतर तेरा दिवसांनी गोव्याची मोहीम सुरू झाली. एकाच सैन्याने एकाच महिन्यात परक्या देशांच्या सैनिकांशी खांद्याला खांदाही लावला आणि परक्या सैनिकांशी झुंजही घेतली. दोन्ही ठिकाणी शिस्त तीच होती: शस्त्र टाकलेल्याला मारायचं नाही, जखमीला पाणी द्यायचं. कांगोतली मैत्री आणि पणजीच्या इस्पितळातली भेट एकाच मुळातून आल्या, असं मला वाटतं.

पोर्तुगीजांच्या खुणा पुसून टाकायची भाषा अधूनमधून गोव्यात ऐकू येते. पाडलेली देवळं पुन्हा बांधा, हुतात्म्यांची नावं रस्त्यांना द्या, माझा जोरदार पाठिंबा आहे. पण खुणा पुसताना आपल्या विजयाच्या खुणाही जातात. बांबोळीच्या किनाऱ्यावर एक फलक असावा. त्यावर 'बेटवा' आणि 'बियास'ची नावं, आरागांवचं नाव, त्या वायरलेसवाल्या खलाशाचं नाव आणि इस्पितळातल्या भेटीचा उल्लेख. मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज, तिन्ही भाषांत. कुठल्या खात्याने करायचा यावर वर्षभर फायली फिरतील, हे मी गृहीत धरूनच चाललो आहे. त्याआधी करण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. तेव्हा इथे असलेल्या दोन्हीकडच्या सैनिकांना, जे कोणी हयात असतील त्यांना, एका मुक्तिदिनाला पणजीत एकत्र बोलवावं आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवावं. त्या वेळी विशीत असलेली मुलं आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. फाइल त्या हिशेबाने हलवावी लागेल.